जवळचा दगड, निवडलेला दगड



अश्मयुगाबद्दल बोलताना एक वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यावर कुणी हरकत घेत नाही. आदिमानव हाताशी सापडेल तो दगड उचलून त्याची हत्यारे करी, असे ते वाक्य. ते पाठ्यपुस्तकात असते, संग्रहालयातल्या पाटीवर असते आणि कधीकधी जाणत्यांच्या लेखातही डोकावते. आज मला ते तपासायचे आहे. माझे म्हणणे असे की दगड कुठे आहे हे पृथ्वीने ठरवले. पण त्यातला कुठला घ्यायचा, तो कुणी आणायचा आणि किती लांबून आणायचा, हे माणसांनी ठरवले. अंतर त्यांच्या हिशेबात होते, पण त्या एकट्याने निकाल लागत नसे. हे मान्य केले तर उत्खननातल्या पुराव्याचा अर्थही बदलतो. एखाद्या थरात दगडाची जात बदललेली दिसली की खाण संपली असावी असे आपण पटकन म्हणून टाकतो. त्याऐवजी माणसांचे आपसातले व्यवहार बदलले का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. यासाठी मी प्रामुख्याने दोन प्रदेश घेणार आहे: सिंधमधल्या रोहडीच्या टेकड्या आणि आपले दख्खनचे पठार. युरोपातल्या प्रसिद्ध खाणींकडे वाटेत एकदा वळून पाहू, कारण या विषयातली बरीचशी गृहीतके तिथूनच आलेली आहेत.

आधी दगडाची ओळख करून घेऊ. चकमकीचा दगड, म्हणजे फ्लिंट, आणि चर्ट हे एकाच कुळातले. दोन्ही सिलिकाचे, दोन्हींतले स्फटिक इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे हा दगड ठरावीक पातळीवर फुटत नाही. घाव बसला की आतली लाट सर्व दिशांनी सारखी पसरते, छिलका शिंपल्यासारखा वळण घेऊन सुटतो आणि त्याची कड वस्तऱ्यासारखी निघते. हा दगड बहुतेक करून जुन्या समुद्रांच्या तळाशी तयार झाला. स्पंजासारख्या जीवांचे सांगाडे सिलिकाचे असतात. ते चुन्याच्या गाळात पुरले गेले, विरघळले आणि ती सिलिका त्याच गाळातल्या पोकळ्यांत, किड्यांनी केलेल्या बिळांत पुन्हा साकळली. म्हणूनच हे गोटे वेडेवाकडे, बोटे फुटल्यासारखे असतात आणि खडकात आडव्या रांगांनी बसलेले दिसतात. सुमारे १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडूच्या थरांत ते विपुल आहेत. इंग्लंडचा दक्षिण आणि पूर्व भाग, उत्तर फ्रान्स, बेल्जियम, डेन्मार्क हा त्यांचा मुलूख.

आपल्या पठाराची कहाणी निराळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला आणि थरांवर थर साचत आज उरलेला पाच लाख चौरस किलोमीटरांचा काळा कातळ तयार झाला. खडूतला फ्लिंट या कातळात मिळणार नाही. पण लाव्हा थिजताना त्यातले वायू बाहेर पडले आणि तव्यावरच्या आंबोळीला पडते तशी जाळी खडकाला पडली. पुढे या पोकळ्यांतून सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि तिथे कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर यांचे गोटे जमले. हेही सूक्ष्म स्फटिकांचेच दगड, फुटतातही जवळपास तसेच. फरक दोनच, पण मोठे. एक म्हणजे आकार: बहुतेक गोटे मुठीत मावणारे. दुसरा म्हणजे मांडणी: ते एका जागी दाटलेले नसतात, सगळीकडे विखुरलेले असतात. खडक झिजला की ते सुटतात आणि गोदावरी, प्रवरा, घोड, भीमा यांच्या पात्रांत वाळू-गोट्यांत मिसळून पडतात. चंचीत चकमक ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्यांचा तुटवडा कधी पडला नाही. तिथे तर गारगोटीचा कसलाही तुकडा चालतो, कारण ठिणगी म्हणजे दगडाने खरवडलेला पोलादाचा पेटता कण असतो. पाते काढायचे तर मात्र कसलाही तुकडा चालत नाही.

आता पहिला पुरावा घरचाच. नेवासे येथे प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते ५६ या काळात आणि नंतर १९५९ पासून पुन्हा उत्खनन केले. नदीच्या जुन्या गाळात त्यांना दोन वेगळ्या काळांची हत्यारे मिळाली. जुनी हत्यारे म्हणजे हातकुऱ्हाडी आणि फरश्या, बेसॉल्ट व डोलेराइट अशा काळ्या, जड दगडाच्या. नंतरची, मध्य पुराश्मयुगातली, तासण्या आणि टोचे. ती मात्र जॅस्पर, चर्ट, कॅल्सेडनीची. नदी तीच, खडक तोच. बदलला तो हात आणि त्या हाताला हवी असलेली वस्तू. यावर कुणी म्हणेल की आधीच्या काळी नदी मोठे धोंडे वाहून आणत असेल आणि नंतर बारीक गोटे. मग हा बदल नदीचा झाला, माणसाचा नव्हे. शंका रास्त आहे, पण पुरेशी नाही. जॅस्पर आणि कॅल्सेडनी त्याच काळ्या कातळाच्या पोटातून येतात. कातळ झिजून त्याचे धोंडे नदीत येत होते, तेव्हा त्यातले गोटेही येतच होते. हातकुऱ्हाड करणाऱ्याच्या पायाखाली ते पडलेले होते आणि त्याने ते उचलले नाहीत, कारण वीतभर लांबीचे हत्यार मुठीएवढ्या गोट्यातून निघत नाही.

याहून जुना दाखला कर्नाटकातला. हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूर येथे डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस एक दगडखाण उजेडात आणली. तिच्या वयाचा अंदाज सुमारे १२ लाख वर्षांचा दिला गेला आहे. तिथे सिलिकायुक्त चुनखडीच्या लाद्या नैसर्गिकरीत्याच सुटलेल्या होत्या. माणसांनी त्यांतल्या योग्य जाडीच्या लाद्या हेरल्या, कडेने ठोकून त्यांना आकार दिला आणि मोठे छिलके काढून त्यांच्या फरश्या केल्या. आपली मनुष्यजात अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. जाडी पाहून लादी निवडणारा प्राणी सापडेल तो दगड उचलत होता, असे म्हणता येत नाही. निवडीची बुद्धी नंतर आली आणि आधी नुसता योगायोग होता, असा जिना आपण मनात बांधलेला असतो. इसामपूरने त्याच्या खालच्या पायऱ्या काढून टाकल्या.

युरोपातल्या खाणींची गोष्ट बहुतेक पुस्तकांत या विषयाचा कळस म्हणून येते. इंग्लंडच्या नॉरफकमध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्ज नावाचे ठिकाण आहे. गवताने झाकलेले ४०० हून अधिक खोलगट खड्डे, जणू जमिनीला देवी आलेल्या. १८६८ ते ७० मध्ये कॅनन ग्रीनवेल यांनी त्यांतला एक उपसला आणि हे नवाश्मयुगातल्या खाणीचे तोंड आहे हे दाखवून दिले. एका ढासळलेल्या बोगद्यात त्यांना लाल हरणाच्या शिंगाच्या कुदळी मिळाल्या. शिंगावर बसलेल्या खडूच्या लेपात खाणकऱ्याच्या हाताचा ठसा तसाच होता. त्या खाणींचा मुख्य काळ इसवी सनापूर्वी सुमारे २६०० नंतरचा. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तिथे फ्लिंटचे तीन थर आहेत. वरचे दोन थर भेदून, त्यांतला दगड बराचसा बाजूला सारून, माणसे खोल, काही विहिरींत १२ मीटरपर्यंत, उतरली ती सगळ्यात खालच्या काळ्याभोर थरासाठी. आसपासच्या जमिनीवर आणि नदीकाठच्या गाळात फ्लिंट मिळत होताच. पोलंडमधल्या क्शेमिओन्की येथे, जिथे ४००० हून अधिक विहिरी आहेत, पट्ट्यापट्ट्यांचा फ्लिंट काढून त्याच्या गुळगुळीत घासलेल्या कुऱ्हाडी शेकडो किलोमीटर दूर गेल्या. त्या भागात फ्लिंटच्या इतरही जाती होत्या. पट्ट्यांनी लाकूड अधिक चांगले तुटत नाही. तेव्हा सोय ही गोष्ट इथेच मागे पडली. पण या खाणींवरून एक चुकीचा निष्कर्षही रूढ झाला: निवड आणि संघटन पाहायचे असेल तर खोल विहीर शोधा, विहीर नसेल तिथे माणसे नुसती वेचणारी. रोहडी आणि दख्खन यांमुळे मला हा निष्कर्ष मान्य नाही.

सिंधू नदी सक्करजवळ चुनखडीच्या टेकड्या कापून जाते. पश्चिम काठावर सक्कर, पूर्व काठावर रोहडी. रोहडीपासून दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटर या सपाट माथ्याच्या टेकड्या पसरल्या आहेत आणि माथ्यावरच्या चुनखडीत चर्टचे गोटे खच्चून भरले आहेत: मोठे, एकजिनसी, तपकिरी-करड्या रंगाचे. इथे खोल उतरावे लागत नाही. पुराश्मयुगापासून माणसे इथे येत राहिली. हडप्पा संस्कृतीच्या काळात, इसवी सनापूर्वी २६०० ते १९०० च्या सुमारास, कामाला वेगळेच स्वरूप आले. ब्रिजेट आणि रेमंड ऑल्चिन यांनी १९७० च्या दशकात या जागा पाहिल्या, आणि पुढे पाओलो बियाजी यांच्या इटालियन चमूने खैरपूरच्या शाह अब्दुल लतीफ विद्यापीठाबरोबर अनेक वर्षे काम करून वाऱ्याच्या वाळूने बुजलेले खाणखड्डे आणि त्यांच्या शेजारचे कारखाने नोंदवले. या जागी जमिनीवर दगडाच्या चुऱ्याचा खच असतो आणि मध्येच एक छोटी मोकळी जागा: एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. त्याने आधी जमीन साफ केली, बसला आणि छिलके भोवती पडत गेले. तो उठून गेल्याला चार हजार वर्षे झाली तरी बैठक शाबूत होती.

तो करत काय होता, ते जरा जवळून पाहू. गोट्याची साल काढून तो लांबट गाभा तयार करी. मग एका कडेने डावीकडून एक, उजवीकडून एक असे लहान टवके उडवत वरपासून खालपर्यंत नागमोडी कणा उभा करी. कण्याच्या वरच्या टोकावर नेमका जोर दिला की तो अख्खा कणा एका लांब, तीनधारी पात्याच्या रूपाने सुटून येई आणि मागे गाभ्यावर दोन सरळ कंगोरे राहत. पुढचे पाते त्या कंगोऱ्यांच्या आधाराने सुटे, त्याच्यामुळे नवे कंगोरे होत, आणि असेच चालू राही. शेवटी गाभा पेन्सिलीसारखा बारीक उरे. पातळ, सरळ, दोन्ही कडा समांतर अशी पाती एकामागून एक निघत; हा जोर घाव घालून नव्हे तर तांब्याच्या टोकाच्या साधनाने दाबून दिला असावा, असे प्रयोगांतून दिसते. या कामाला दगड मोठा आणि निर्दोष लागतो. आत एक चीर असली तर कणा मध्येच तुटतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

रोहडीपासून मोहेंजोदडो सरळ रेषेत ८०-८५ किलोमीटर. तिथे हा दगड गेला यात नवल नाही. पण तो सुमारे ५०० किलोमीटरवरच्या हडप्पालाही गेला, आणि साडेसहाशे किलोमीटरवरच्या, गुजरातेतल्या लोथललाही. नुसती पातीच नव्हेत, घनाकृती वजनेही याच चर्टची. त्यांच्या दुपटीच्या श्रेणीतले सुमारे १३.७ ग्रॅमचे वजन सगळ्या शहरांत सारखे. गुजरातेतल्या वस्त्यांत रोहडीची तयार पाती पुष्कळ मिळतात. गाभे आणि चुरा मात्र फार थोडा. याचा अर्थ कच्चा माल नव्हे, पक्का माल प्रवास करत होता. आता लोथलकडे नीट पाहा. लोथलला मणी करणाऱ्यांचा कारखाना सापडला आहे. सौराष्ट्राच्या लाव्हातला आणि नर्मदेकाठच्या रतनपूरकडचा अकीक तिथे येत होता, तापवून लाल केला जात होता, त्याला भोके पाडली जात होती. दगडाच्या कारागिरीत त्या गावाला कुणी काही शिकवण्याची गरज नव्हती. तरीही गळ्यातला मणी जवळच्या दगडाचा आणि कणसे कापायचे पाते सिंधमधल्या दगडाचे.

इथे सर्वांत सबळ आक्षेप येतो. लांब पात्यासाठी मोठा गोटा लागतो, अकीकाचा गोटा लहान. तेव्हा रोहडीचा दगड आणणे ही तांत्रिक गरज होती, त्यात माणसांच्या संबंधांचा शोध घेण्याचे कारण नाही. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. लोथलला अकीकातून बोटाएवढे पाते निघाले असते, वीतभर नव्हे. पण त्या वीतभर पात्याचे पुढे काय होई? बऱ्याचदा त्याचे तुकडे पाडून ते लाकडाच्या खाचेत ओळीने राळेने बसवले जात. विळा तयार व्हायला सारख्या रुंदीचे तुकडे हवेत, आणि ते लांब पात्यातून झटपट मिळतात हे खरे; पण आखूड पात्यांतूनही विळा होतो. तो होतो हे सांगायला तर्क नको, लोथलनेच ते करून दाखवले. एस. आर. राव यांच्या उत्खननात लोथलच्या नंतरच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी १९०० नंतर, चर्टची लांब पाती मागे पडतात आणि जॅस्पर, अकीक अशा स्थानिक दगडांची आखूड पाती येतात. गाव चालू राहिले, शेती चालू राहिली, कापणी चालू राहिली. म्हणजे जे आधी अपरिहार्य वाटत होते ते अपरिहार्य नव्हते. आधीची काही शतकेही जवळचा दगड पुरला असता. तरी दूरचा आणला गेला, कारण तो आणणारी व्यवस्था होती आणि तिच्याबरोबर वजने, मुद्रा, मापे हेही येत होते.

मग रोहडीचा दगड संपला होता का? हा प्रश्न सोडवायला कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही. त्या टेकड्यांवर चर्ट आजही पायाखाली पसरलेला आहे. खाण रिकामी झाली नव्हती, नागरी व्यवस्था विसकटली होती. एका दगडाची जात बदलल्याचे कारण भूगर्भात शोधणे किती फसवे असते, याला याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे आणि तो मी अधिक गांभीर्याने घेतो. हा दगड रोहडीचाच, हे कशावरून? पुष्कळ अहवालांत ही ओळख डोळ्यांनी, रंग आणि पोत पाहून केलेली आहे. तपकिरी-करडा चर्ट दिसला की रोहडी, असे म्हणायचे आणि मग त्यावरून रोहडीचा व्यापार सिद्ध करायचा, हा चक्राकार तर्क झाला. रासायनिक विश्लेषणाचा आधार घ्यावा तर चर्टच्या बाबतीत तो सोपा नाही. एकाच टेकडीवरच्या दोन गोट्यांतली सूक्ष्म मूलद्रव्ये कधी दोन टेकड्यांमधल्याहून जास्त वेगळी निघतात. तरी माझे उत्तर असे. एकेका पात्याबद्दल संशय ठेवावा, ठेवलाच पाहिजे. पण संशयाचा लाभ घेऊन संपूर्ण नकाशा पुसता येत नाही. चुनखडीतला मोठा, एकजिनसी चर्ट सौराष्ट्राच्या लाव्हातून निघू शकत नाही, हे रसायनावाचूनही सांगता येते. गुजरातेतल्या वस्त्यांत गाभे आणि चुरा जवळजवळ नाही, म्हणजे पाती तिथे घडलेली नाहीत. आणि रोहडीला गाभे आणि चुरा पर्वताएवढा आहे, पण त्या प्रमाणात पाती नाहीत. जे एका टोकाला कमी आहे ते दुसऱ्या टोकाला जास्त आहे. हिशेबाची वही दोन्हीकडून जुळते, मग एखाददुसरी पावती बनावट निघाली तरी चालते.

आता दख्खनकडे येऊ. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशा शेकडो ठिकाणी पसरलेली होती. घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक केले: इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंतची वस्ती, तिचे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन टप्पे. तांबे होते, पण मोजकेच. रोजच्या कापाकापीचे काम दगडाच्या पात्यांवर चाले, आणि ती पाती नदीतल्या कॅल्सेडनीची. इथे डोंगर नाही, विहीर नाही, कारखान्यांचा माथा नाही. गाभे, छिलके, अर्धवट पाती वस्तीभर विखुरलेली. म्हणून या उद्योगाला घरगुती, साधा, वेचून चालवलेला असे म्हणायची पद्धत पडली. पण इनामगावचा एक गाभा हातात घ्या. बोटाच्या पेराएवढा, दुधी रंगाचा, आरपार प्रकाश जाणारा. आणि त्याच्या अंगावर समांतर पन्हळी, एकीला लागून एक. कचऱ्यात तीनधारी, नागमोडी पाठीची पाती. म्हणजे रोहडीच्या माथ्यावर वीतभर चर्टवर चालणारी तीच कण्याची रीत, इथे सुपारीएवढ्या दगडावर. सिंधचा चर्ट इनामगावच्या चुलीपर्यंत पोचला नाही. हात मात्र पोचला.

ही रीत इथे स्वतंत्रपणे सुचली नसेल कशावरून, असे कुणी विचारील. सुचू शकते, नाकारता येत नाही. युरोपातल्या उत्तर पुराश्मयुगात, हडप्पाच्याही कितीतरी हजार वर्षे आधी, कण्याची पाती काढलेली आहेत, तेव्हा हा शोध एकदाच लागला असे म्हणण्याला अर्थ नाही. माझे उत्तर दगडाच्या आकारात आहे. कणा उभारण्याची खटपट मोठ्या गोट्यावर फळते, कारण एका कण्यातून पाती भराभर निघतात. सुपारीएवढ्या गोट्यासाठी सोपे उपाय आहेत: ऐरणीवर ठेवून वरून ठोकले की धारदार तुकडे निघतात. दख्खनच्या कारागिराने सोपी वाट सोडून लांबची घेतली. दगडाला जी रीत साजते ती त्याने वापरली नाही. त्याला जी शिकवली गेली ती वापरली आणि ती दगडाच्या मापाने लहान केली. दायमाबादला सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या आहेत, तेव्हा उत्तरेकडची माणसे, निदान त्यांचे संस्कार, प्रवरेच्या काठापर्यंत आले होते हे गृहीत धरण्यात धाडस नाही. वेचलेला दगड म्हणजे अडाणी उद्योग, हे समीकरण इथे मोडते. मिळवणे सोपे होते, घडवणे सोपे नव्हते. आणि ग्राइम्स ग्रेव्ह्जच्या विहिरी खणणाऱ्यांपेक्षा प्रवरेच्या वाळवंटात वाकून गोटे निवडणाऱ्याचे डोळे कमी तरबेज होते, असे मानायला काही आधार नाही. शंभर गोट्यांतला चीर नसलेला एक ओळखणे, हीच त्याची खाण.

लोखंड आले तशी दगडी पात्यांची गरज संपली, हे खरे. विदर्भातल्या महापाषाणीय थडग्यांत लोखंडी अवजारे मुबलक दिसतात. पण नागपूरजवळच्या माहुरझरीला अकीकाचे मणी घडत राहिले. दगड वेचणारे डोळे बेकार झाले नाहीत, त्यांचे गिऱ्हाईक बदलले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पेरिप्लस नावाच्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे की भडोचहून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून अडचणीच्या वाटांवरून गाड्या भरभरून अकीकाच्या जातीचा दगड बंदरावर येतो. लोथलच्या काळात दूरचा दगड आत आणला जात होता; आता इथला दगड समुद्रापार चालला होता. भूगर्भात काहीही बदललेले नव्हते. रोमच्या श्रीमंतांना पेले आणि अंगठ्या हव्या होत्या, एवढेच.

रोहडीच्या टेकड्यांची आजची अवस्था वाईट आहे. चुनखडीसाठी यंत्रांनी माथेच्या माथे कापले जात आहेत आणि ज्या बैठका चार हजार वर्षे टिकल्या त्यांतल्या कित्येक गेल्या. आपल्याकडे धोका वेगळ्या प्रकारचा. नदीतली वाळू उपसली जाते तिच्याबरोबर गोटेही जातात, आणि जुन्या कारागिरांना कुठल्या मापाचा, कुठल्या प्रतीचा दगड उपलब्ध होता हे मोजण्याचे साधन जाते. पण एक साधन अजून हाताशी आहे. उत्खननांतून निघालेला चुरा, बिनकामाचे छिलके, टाकून दिलेले गोटे. कॅल्सेडनीचे मूळ रसायनाने शोधणे जवळजवळ अशक्य, कारण तिची खाण पाच लाख चौरस किलोमीटरांची आहे. तिची साल मात्र बोलते. नदीतून आलेल्या गोट्याची साल घासून गुळगुळीत झालेली असते, तिच्यावर बारीक चंद्रकोरींसारखे टकरींचे व्रण असतात. खडकातून थेट काढलेल्या गोट्याची साल खडबडीत, आणि बहुधा तिला हिरवट मातकट लेप असतो. इनामगाव किंवा नेवासे यांच्या पेट्यांतले सालीचे छिलके या एका प्रश्नासाठी थरवार लावले, तर गावकरी पात्रातच वाकत होते की घाटाकडे कातळ फोडायला जात होते, हे कळेल. पूर्व जोर्वे थरांत एक आणि उत्तर जोर्वे थरांत दुसरे निघाले, तर पाऊसपाणी बिघडल्यावर वस्ती कशी सावरली या जुन्या वादाला नवा साक्षीदार मिळेल. आणि तिन्ही टप्प्यांत सरसकट फक्त जवळच्या नदीचीच साल निघाली, तीही निवड न करता चांगल्या-वाईट गोट्यांची सारख्याच प्रमाणात, तर निदान इनामगावपुरते आजचे माझे म्हणणे टिकणार नाही, आणि पाठ्यपुस्तकातले ते वाक्य तिथे परत लिहावे लागेल.